एका वेलांटीचं अंतर

शर्टाला सहा बटणं होती, कॉलरचं धरून सात. मला ती लावायला पंधरा-वीस सेकंद लागले असतील, कारण या कामात हात सवयीने चालतात, डोक्याला विचारत नाहीत. साडेनऊला फिजिओथेरपिस्ट येणार होते, व्हीलचेअर दाराशी आणून ठेवली होती, आणि मास्तर पलंगाच्या कडेला बसून पहिल्याच बटणाशी झटत होते. "द्या, मी लावते," म्हणून मी वाकले आणि लावून मोकळी झाले. शर्ट खाली ओढून सरळ केला, खांद्यावरची चुणी हाताने मोडली, खुर्ची पुढे घेतली. मास्तर उठले नाहीत. त्यांनी डावा हात गळ्याशी नेला आणि कॉलरचं बटण काढलं. मग त्याखालचं. मग त्याच्याही खालचं. मला वाटलं, उकडत असेल. पण सगळी बटणं काढून झाल्यावर त्यांनी शर्टाची दोन्ही टोकं मांडीवर आणली, एकमेकांशी जुळवून पाहिली, आणि सगळ्यात खालच्या काजापासून सुरुवात केली.

पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या बाजूला असतात आणि काजं डाव्या. उजव्या हाताने बटण ढकलायचं, डाव्याने काज धरायचं, अशी ती सोय. मास्तरांचा उजवा हात पक्षाघातानंतर मांडीवर पडलेला असतो. उरलेल्या डाव्या हाताला दोन हातांचं काम करावं लागतं. अंगठ्याने काज ताणायचं, तर्जनी त्यातून पलीकडे घालायची, बटणाची कड पकडायची आणि ओढून घ्यायची. निम्म्या वेळा कड निसटते. मग पुन्हा. मी खुर्चीच्या मुठी धरून उभी होते. थेरपिस्ट दारात आले, घड्याळ पाहिलं आणि शेजारच्या खोलीत निघून गेले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली. शेवटचं बटण लागल्यावर मास्तरांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं की माझ्यामागच्या खिडकीकडे, ते मला आजही सांगता येणार नाही. रागावलेले दिसत नव्हते. दमलेले दिसत होते.

त्या दिवशी पाळी संपताना मी आमच्या देखभाल संस्थेच्या नोंदवहीत लिहिलं: 'मास्तरांना सकाळी कपडे घातले. थेरपीसाठी सहकार्य केले नाही.'

मास्तर हे त्यांचं नाव नव्हे. खरं नाव इथे लिहिणं बरोबर नाही, आणि ते नाव कुणी घेतलं तर त्यांना फारसं आवडतं असंही नाही. सगळं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं, गळ्यात टेप आणि कानावर खडू. त्यामुळे हाक यायची ती 'मास्तर' अशीच. आमच्याकडे आले तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्ही वयाकडे पाहून 'आजोबा' म्हणू लागलो. प्रेमानेच म्हणत होतो. ते वळून बघत नसत. आमच्यातल्या कुणीतरी लिहून ठेवलं, 'हाकेला प्रतिसाद नाही,' आणि पुढे दोन आठवडे कानाच्या तपासणीची चर्चा चालली. मग एक दिवस त्यांच्या हाताखाली शिकलेला एक माणूस भेटायला आला, त्याचेही केस पांढरे झालेले. दारातूनच म्हणाला, "मास्तर, ओळखलं का?" आणि आमच्या त्या बहिऱ्या आजोबांची मान एवढ्या झटक्यात वळली की उशी खाली पडली. कानाची तपासणी रद्द झाली. 'प्रतिसाद नाही' ही ओळ मात्र तशीच राहिली. वहीत खाडाखोड करायची नाही असा नियम आहे.

या नोंदवहीने मला बटणांपेक्षा जास्त छळलं. पुढच्या आठवड्यात रात्रपाळी होती. रात्री दोन ते चार या वेळात इमारत वेगळीच होते: फिनाइलचा वास खाली बसतो, कुणाच्या तरी ऑक्सिजन यंत्राची एकसुरी घरघर ऐकू येते, आणि जागं राहण्यासाठी काहीतरी वाचावं लागतं. मी जुन्या वह्या काढून वाचत बसले. उठवलं. तोंड धुतलं. अंघोळ घातली. कपडे घातले. भरवलं. बसवलं. फिरवून आणलं. औषध दिलं. झोपवलं. पानांमागून पानं अशीच, नऊ माणसांची, तीन पाळ्यांची, दहा-बारा हस्ताक्षरांतली. शाळेत प्रयोजक क्रियापद शिकवताना बाई सांगायच्या, की क्रिया करणारा एक आणि करवणारा दुसरा. झोपणं आणि झोपवणं, बसणं आणि बसवणं. तेव्हा ते फक्त मार्कांपुरतं होतं. आता त्या वह्यांमध्ये मला कुणी झोपलेलं सापडेना. सगळ्यांना झोपवलेलंच होतं. आणि गंमत म्हणजे झोपवणाराही कुठे दिसत नव्हता, कारण 'मी' लिहायची पद्धत नाही. कर्ता गाळलेला, कर्माला 'ना' लावलेला. वहीभर नुसत्या क्रिया आपापल्या घडून जात होत्या.

मग मी माझ्या त्या ओळीवर आले. 'मास्तरांना कपडे घातले.' पेन्सिलीने, नियम मोडून, 'ना'चा काना खोडला आणि वेलांटी दिली. 'मास्तरांनी कपडे घातले.' बाकी एकही अक्षर बदलावं लागलं नाही. त्या सकाळी प्रत्यक्षात काय झालं होतं हे दुसरं वाक्य सांगत होतं. पहिलं वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने, एकेक बटण काढून, खोडून टाकलं होतं. आणि ते खोडण्यालाच मी 'सहकार्य केले नाही' म्हटलं होतं.

कुणी कुणाला सहकार्य करायचं होतं, हा प्रश्न मला नोकरीच्या सातव्या वर्षी पडला.

टॉम किटवुड नावाचे एक मानसशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला होते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची देखभाल कशी होते ते त्यांनी वर्षानुवर्षं बसून पाहिलं, आणि १९९७ साली, मृत्यूच्या वर्षभर आधी, माणसाचं माणूसपण कुरतडणाऱ्या वागण्याचे सतरा प्रकार मांडले. प्रशिक्षणात आम्हाला ते शिकवले होते, मी परीक्षेपुरते पाठही केले होते. फसवून काम करून घेणं, लहान मुलासारखं वागवणं, शिक्का मारणं, टर उडवणं, वस्तूसारखं हाताळणं, माणूस समोर असताना तो नसल्यासारखं आपसांत बोलणं. असली यादी वाचली की आपल्याला कुठल्यातरी दुष्ट आयाबाईचा चेहरा आठवतो, आणि आपण त्यातले नाही म्हणून बरं वाटतं. त्या यादीत एक अगदी साधा प्रकार आहे: माणसाला झेपणार नाही इतक्या वेगाने बोलणं, वागणं, त्याला घाई करणं. त्याच्या पुढे निघून जाणं. मास्तरांना स्मृतिभ्रंश नाही, त्यांचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे. पण त्या पंधरा-वीस सेकंदांत मी नेमकी पुढे निघून गेले होते. किटवुडनी हेही बजावून ठेवलंय की हे सगळं करणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकदा प्रेमळच असतात, आणि पद्धतच तशी मुरलेली असते. मला यातून दिलासा मिळायला हवा होता. उलट जास्तच टोचलं. दुष्टपणा निदान लक्षात तरी येतो.

हे मला दुसऱ्या बाजूनेही कळायला हवं होतं, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः आठ दिवस एका रुग्णालयात आडवी होते. पोटाची शस्त्रक्रिया. फार काही नव्हतं. तिथली दुखणी आता आठवत नाहीत, वाक्यं आठवतात. राउंडला आलेले डॉक्टर माझ्या पायथ्याशी उभे राहून माझ्या भावाला विचारायचे, "रात्री झोपली का ही?" भाऊ माझ्याकडे बघायचा, मी म्हणायचे "झोपले," भाऊ डॉक्टरांना सांगायचा, "झोपली." जणू मी परदेशी होते आणि तो दुभाषा. आणि एक सिस्टर, फार मायेची, सकाळी यायची ती "चला, आता आपण कूस बदलायची हं" म्हणत. आपण! कूस एकट्या माझीच होती, टाकेही माझेच. मराठीतलं हे 'आपण' मोठं लबाड सर्वनाम आहे. आदर दाखवायला वापरतात, आपुलकी दाखवायला वापरतात, आणि हुकूम द्यायचा असून तो हुकूम वाटू नये म्हणूनही वापरतात. मी घरी आले, कामावर रुजू झाले, आणि पहिल्याच दिवशी एका आजींना म्हणाले, "चला, आपण केस विंचरू या." जीभ कशी वळली कुणास ठाऊक. स्वतः भोगल्यावर माणूस शहाणा होतो असं म्हणतात. मला तसा अनुभव नाही.

आमच्या संस्थेत आता 'व्यक्तिकेंद्री सेवा' आली आहे. आली आहे म्हणजे भिंतीवर फलक लागला आहे आणि फॉर्ममध्ये एक चौकट वाढली आहे, तिच्यात टिक करायची. प्रत्येकाच्या पलंगाशी 'माझ्याविषयी' नावाचं एक पानही लावतात: मला काय आवडतं, काय आवडत नाही, मला मदत कशी करावी. कल्पना चांगलीच आहे. नवी मुलगी ड्यूटीवर आली तर तिला निदान कळतं की समोरच्या माणसाला भिंतीकडे तोंड करून झोपायची सवय आहे, ते रुसणं नव्हे. पण कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकांचं पान त्यांच्या मुलीने फोनवरून भरून दिलं होतं. 'मला जुनी गाणी फार आवडतात.' झालं. सकाळी कुणीतरी रेडिओ लावायचा तो रात्री दिवे मालवेपर्यंत. काकांना बोलता येत नव्हतं, हात बटणापर्यंत पोचत नव्हता. तीन-चार महिन्यांनी एकदा वीज गेली आणि रेडिओ बंद पडला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी पाहिलं. गाणी त्यांना आवडत होती, खोटं नव्हतं ते. दिवसाचे चौदा तास आवडत नव्हती. अपंगांच्या चळवळीची एक घोषणा आहे: आमच्याशिवाय आमच्याविषयी काहीही नको. 'माझ्याविषयी' या पानावरचा 'मी' दुसऱ्याच कुणाचा तरी निघावा, यापेक्षा मग कोरं पान बरं, असं मला त्या अंधारात वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्या ओळीपुढे लिहिलं, 'विचारून लावावीत. भुवई उंचावली तर नको.' ती ओळ तेवढी टिकली.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मायकेल स्मल आणि सुझन बर्क हॅरिसन यांनी, मोठ्या संस्थांमधून बाहेर पडून वस्तीत राहायला जाणाऱ्या अपंग माणसांसाठी नियोजनाची एक पद्धत बांधली. तिच्यातून आलेली एक जोडी मला या सगळ्या पारिभाषिक जंजाळात सर्वांत उपयोगी वाटते. माणसाला काय महत्त्वाचं आहे, आणि माणसासाठी काय महत्त्वाचं आहे. 'ला' आणि 'साठी'. पुन्हा प्रत्ययाचाच खेळ! मास्तरांसाठी थेरपी महत्त्वाची होती; चुकली तर खांदा आखडतो, हे मी सांगायला नको. मास्तरांना शर्ट महत्त्वाचा होता. दोन्ही खरं. पण आमच्या वहीत सगळे रकाने 'साठी'चे आहेत: रक्तदाब, साखर, वजन, पडण्याचा धोका, जखमेची खोली मिलिमीटरमध्ये. 'ला'साठी रकाना नाही. जे मोजलं जातं ते वरच्यांना दिसतं, आणि जे वरच्यांना दिसतं तेच आधी केलं जातं. यात कुणाचं कारस्थान नसतं, कागद तसा छापलेला असतो.

आणि 'साठी' सोडून द्यायचं म्हटलं तर काय होतं, तेही मी पाहिलंय.

आमच्याकडे एक बाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मागच्या अंगणातल्या कुंड्यांना स्वतः पाणी घालायचं असायचं. अंगणात उतरायला चार पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. सगळ्यांनी नको म्हटलं. मी हो म्हटलं, कारण नुकतीच एका वर्गाला जाऊन आले होते आणि डोकं भारलेलं होतं. रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ साली 'जोखमीची प्रतिष्ठा' असा एक शब्दप्रयोग रूढ केला. स्वीडन-डेन्मार्कमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना साधे रोजचे धोके पत्करू देतात हे पाहून त्यांनी लिहिलं, की माणसाला सगळ्याच धोक्यांपासून वाचवलं तर त्याच्या वाट्याचं जगणंही काढून घेतलं जातं. त्या वर्गात याच्याच जोडीला एक प्रयोगही सांगितला होता. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोघींनी कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धसेवागृहात केलेला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचे निर्णय तुम्ही घ्या, हे रोप निवडा आणि त्याची निगा तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली आणि सांगितलं, निगा परिचारिका राखतील. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हुशारलेली, जास्त हिंडती-फिरती दिसली. दीड वर्षाने पाहिलं तर त्यांच्यातले मृत्यूही कमी भरले. हे शेवटचं ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. त्या मृत्यूंच्या गणितात चूक होती, असं लेखिकांनीच पुढे छापून कळवलं आणि फरक पहिल्या आकड्यांपेक्षा बराच फिका निघाला, हे मला खूप नंतर कळलं. वर्गात सांगितलं नव्हतं. चांगली गोष्ट सांगताना असे तपशील गळतात. पण तोवर आमच्या बाई पायऱ्या उतरू लागल्या होत्या.

सात आठवडे रोज उतरल्या. उजव्या हातात छोटी झारी, डावा हात कठड्यावर, आणि मी दोन पायऱ्या खाली, उलटी उभी. पाण्याचा पहिला थेंब तापलेल्या मातीवर पडला की त्या डोळे मिटून वास घ्यायच्या, मग पुढच्या कुंडीकडे. एका पानालाही हात लावू द्यायच्या नाहीत. आठव्या आठवड्यात मी फोन घ्यायला आत गेले. त्या थांबल्या नाहीत. थांबायला मी सांगितलंही नव्हतं. मनगट मोडलं, गुडघा सुजला. नातेवाईक आले, आवाज चढले, आणि ते चुकीचं बोलत होते असं मला म्हणता येणार नाही. प्लॅस्टर घालून परत आल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले आणि रडू लागले. त्यांनी मला थोडं रडू दिलं. मग म्हणाल्या, "हे बघ, मी पडले. मला कुणी पाडलं नाही."

पडणं आणि पाडणं. हे वाक्य मी कित्येक वेळा इतरांना सांगितलं आहे, आणि सांगताना दरवेळी थोडी अवघडते. कारण ते त्यांचं वाक्य होतं, त्यांनी त्यांच्या पडण्यावर सांगितलेला हक्क होता, आणि मी ते माझ्या सुटकेसाठी वापरते. त्या नंतर अंगणात उतरल्या नाहीत. नातेवाइकांनी मनाई केली म्हणून, की त्यांनाच भीती बसली म्हणून, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. कुंड्या दुसऱ्या कुणीतरी खोलीच्या खिडकीत आणून ठेवल्या, पण खिडकीतल्या मातीला तो तापलेला वास येत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट बोलली जात नाही. सकाळी सहा ते नऊ या वेळात आमच्या मजल्यावर नऊ माणसं आणि एक मी. एकशेऐंशी मिनिटं, म्हणजे माणशी वीस. त्या वीस मिनिटांत अंग पुसणं, कपडे, दात, औषध, चादर आणि ज्याला लागेल त्याला भरवणं. मास्तरांच्या शर्टाला अकरा दिली तर उरली नऊ. भिंतीवरच्या फलकावर प्रतिष्ठा, निवड, स्वातंत्र्य असे शब्द आहेत. त्यांच्यापुढे मिनिटं लिहिलेली नाहीत. मूल्यं शिकवणारे आम्हाला शिकवून जातात आणि मिनिटं ठरवणारे त्या वर्गाला कधी येत नाहीत. 'काळजी मनापासून करायला हवी' हे वाक्य मला म्हणूनच आताशा थोडं चिडवतं. मन असतं हो. वेळ नसतो. आणि वेळ नसताना मन असलेला माणूस घाई करतो, आणि बिनमनाचा माणूसही घाईच करतो. शर्टाला फरक कळत नाही.

शिवाय 'ना' आम्हालाही लागलेलाच आहे. 'तिला वरच्या मजल्यावर टाका.' 'त्याला रात्रपाळी लावा.' लावलेली, टाकलेली, बदललेली माणसं दुसऱ्या माणसांना उठवतात आणि बसवतात. नेदरलँड्समध्ये योस डी ब्लोक या परिचारकाने २००६ साली घरोघर सेवा देणारी ब्यूर्टझॉर्ग नावाची संस्था सुरू केली, पहिला गट अवघा चार परिचारिकांचा. जास्तीत जास्त बारा जणांचा गट, त्यावर साहेब नाही. कुणाकडे कधी जायचं, किती वेळ द्यायचा, हे गटच ठरवतो. आता तिथे हजारो जण काम करतात. ती पद्धत सगळीकडे तशीच उचलून चालेल असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या स्वतःच्या दिवसाचा तो कर्ता नाही, त्याने दुसऱ्याला कर्ता करावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे, हे निदान त्यांना सुचलं.

मी काय केलं? फार काही नाही. थेरपिस्टना विचारलं, मास्तरांना साडेनऊऐवजी पावणेदहाला घेता येईल का. ते म्हणाले, येईल की. आणि वर म्हणाले, "बटणं लावणं म्हणजे अर्धी थेरपीच आहे, मला सांगायचं नाही का?" इतकं सोपं होतं. सात वर्षांत साडेनऊ म्हणजे साडेनऊच, असं आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि आम्ही कुणी विचारलंही नव्हतं. आता मी सहाला सगळ्यात आधी मास्तरांकडे जाते, शर्ट दोन्ही बाह्यांतून चढवून देते, आजारी हात आधी, आणि दुसऱ्यांकडे निघून जाते. परत येईपर्यंत तीन-चार बटणं लागलेली असतात. हे सगळ्यांच्या बाबतीत जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या बाबतीत माझे हात पूर्वीसारखेच चालतात, हेही लिहून ठेवते.

मधे एकदा चादर बदलताना त्यांनी माझी बाही धरली. माझ्या गणवेशाचं मनगटावरचं बटण लोंबत होतं. बोटाने ते फिरवून पाहिलं, दोरा सैल, नुसता वरच्यावर टाचलेला. त्यांनी नाक मुरडलं. पक्षाघातानंतर त्यांना मोजकेच शब्द येतात, तेही अर्धे. बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाले, "मान." मला कळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या शर्टाचं बटण उचलून दाखवलं. बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याचे वेढे घेऊन केलेला एक छोटा खांब होता, गव्हाच्या दाण्याएवढा. ती बटणाची मान. ती असली की बटण काजात ताठ उभं राहतं, बोटाला सापडतं. नसली तर कापडाला चिकटून बसतं. मी संस्थेने दिलेल्या त्यांच्या दुसऱ्या दोन शर्टांची बटणं पाहिली. मशीनने लावलेली, एकालाही मान नाही. त्या सकाळी त्यांच्या अंगावर कुठला शर्ट होता, ते मी आठवायचा प्रयत्न केला. निळा. मशीनचाच.

रविवारी सुई-दोरा घेऊन गेले. मी ओवायचे, टाका घालायचे; ते पाहायचे. वेढे कमी पडले की डाव्या हाताची दोन बोटं वर. दोन अजून. चुकलं की "हं" असा एक हुंकार, त्याच्यापुढे मला शाळेतल्या बाई मवाळ वाटल्या. तीन रविवार लागले दोन शर्टांना. चौदा बटणं.

आता सात-आठ मिनिटांत होतं, म्हणजे काही दिवशी. काही दिवशी अजूनही अकरा, थंडीत जास्त. कॉलरचं बटण मात्र त्यांना जमत नाही. हनुवटी आड येते, आणि एका हाताला तिथे कोनच मिळत नाही. सुरुवातीला ते उघडंच ठेवायचे. गेल्या महिन्यात एक दिवस मी खोलीत आले तेव्हा सहा बटणं लागलेली होती, आणि मास्तर खिडकीकडे बघत बसले होते. मी खुर्ची पुढे घेतली. त्यांनी हनुवटी वर केली आणि तशीच धरली. मला समजायला दोन क्षण लागले. मग मी वाकले, काज ताणलं, आणि सातवं बटण लावलं. ते खाली बघेपर्यंत हात मागे घेतला होता.

पाळी संपताना वही उघडली. 'मास्तरांनी कपडे घातले' असं लिहायला घेतलं आणि अडले, कारण सातवं मी लावलं होतं. 'मास्तरांना' लिहावं तर सहा त्यांनी लावली होती. लावायला सांगितलं होतंही त्यांनीच. रकाना बोटभर रुंद. बाहेर पुढच्या पाळीची मुलगी चप्पल काढत होती, तिला वही हवी होती. मी 'मास्तरां' एवढं लिहून पेन उचललं.